शेतीच्या संशोधनाचा पेपर हाती आला तर आकडे कसे वाचायचे

पेरणी जवळ आली की व्हॉट्सॲपवर वाणांचे टेबल फिरायला लागतात, "ट्रायलमध्ये नंबर वन" असं वर लाल अक्षरात लिहून. मूळ पेपर बरेचदा मोबाईलवर फुकट सापडतो, इंग्रजीत असते पण टेबल समजायला फार इंग्रजी लागत नाही. बियाण्याचा पैसा कास्तकाराच्या खिशातून जाते म्हणून हे त्याला स्वतःला वाचता आलंच पाहिजे.

सगळ्यात आधी टेबलच्या तळाशी जा, वरचे आकडे नंतर. तिथं सी.डी. 5% असं लिहिलेलं असते, म्हणजे क्रिटिकल डिफरन्स, कुठं त्यालाच एल.एस.डी. म्हणतात. दोन वाणांत निदान एवढा फरक असेल तरच तो धरायचा. समजा सोयाबीनचा एक वाण हेक्टरी 24.1 क्विंटल झाला, दुसरा 22.6, आणि सी.डी. आहे 2.1. फरक दीडच क्विंटलचा, म्हणजे पहिला वाण पुढं आहे असं या ट्रायलवरून म्हणता येत नाही, मग जाहिरात काहीही म्हणो. सी.डी.च्या जागी एन.एस. असेल तर फरक सिद्धच झाला नाही. पण दोन्ही सारखेच आहेत हेही सिद्ध झालं नाही बरं का, ट्रायल लहान असली तरी एन.एस. येते.

छोटा फरक का धरायचा नाही, तर एकाच वावरात धुऱ्याजवळ वेगळं पिकते आणि खोलगटात वेगळं, वाण तोच असला तरी. म्हणून प्रत्येक वाण तीन-चार ठिकाणी लावतात (रेप्लिकेशन) आणि कुठं काय लावायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर ठरवतात. हे शास्त्र वावरातच मोठं झालं, संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1919 पासून इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात होता आणि 5 टक्क्यांची रेघ त्याच्या 1925 च्या पुस्तकामुळं सगळीकडं गेली.

ती रेघ ज्या आकड्याला लावतात तो म्हणजे पी व्हॅल्यू. पी 0.05 पेक्षा कमी म्हणजे दावा 95 टक्के खरा, असं बरेच जण समजतात, ते चूक आहे. अर्थ एवढाच की खरा फरक काहीच नसता तर निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता 5 टक्क्यांहून कमी होती. म्हणजे बिनकामाच्या वीस गोष्टी तपासल्या तर त्यातली एखादी अशीच "सिग्निफिकंट" निघू शकते.

मग पाहा तुलना कोणासोबत केली. "औषध वापरलं आणि उत्पादन वाढलं" याला काही अर्थ नाही, त्या वर्षी पाऊसच चांगला झाला असेल. आपल्या गडचिरोलीचंच उदाहरण घ्या, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या टीमनं 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली आणि शेजारच्या 47 गावांवर नुसती नजर ठेवली. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या 1999 च्या पेपरात पहिल्या गावांत नवजात बाळांचा मृत्यूदर हजारी 62 वरून 25.5 वर आला, दुसरीकडं तो 60 च्या आसपासच राहिला. ती 47 गावं नसती तर एवढी घट काळजीमुळंच झाली हे कसं म्हणणार?

टक्केवारी दिसली की विचारा, कशाचे टक्के. "बोंडअळी 50 टक्के कमी" म्हणजे 40 वरून 20 असू शकते नाहीतर 4 वरून 2. गुलाबी बोंडअळीची फवारणीची पातळी साधारण 10 टक्के नुकसानीची धरतात, म्हणजे 4 टक्क्यांवर ती फवारणीच लागत नव्हती.

सरासरीचंही तसंच. पाच जणांना पऱ्हाटीत एकरी 5, 5, 6, 7 आणि 17 क्विंटल झालं तर सरासरी 8 निघते, पण चार जण त्याच्या खालीच आहेत. मधला आकडा म्हणजे मीडियन 6, तो दिला असेल तर तोच पाहायचा.

शेवटी पेपरातला पद्धतीचा भाग काढून ट्रायल ओलिताची होती का कोरडवाहू, जमीन भारी का हलकी, किती हंगाम घेतली ते वाचा. एकाच हंगामाची असेल तर मी स्वतः पूर्ण वावर त्या वाणाखाली टाकणार नाही, थोड्या ओळींत लावून पाहीन. आणि हेक्टरच्या आकड्याला 2.47 नं भागा, तेव्हा एकरी किती ते निघते.