पाखाडीवरचं शेवाळ प्रेशर वॉशरने काढताना
नारळी पौर्णिमा झाली की मी पाखाडीच्या, म्हणजे घराकडे येणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, मागे लागते, कारण गणपती याच वाटेने घरात येतात. गुहागरचा पाऊस पायऱ्यांच्या जांभ्या दगडावर असं शेवाळ चढवतो की पाय ठरत नाही. दोन वर्षांपूर्वी आई तिसऱ्या पायरीवर घसरली, मनगट मोडलं. तेव्हा हे काम लांबणीवर टाकू नका.

दिवस उघडिपीचा निवडा. सॉकेटच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) हवीच. एक्स्टेंशन 2.5 चौरस मिलिमीटर तारेची घ्या, पूर्ण उलगडा, जोड पडवीत कोरड्यात ठेवा. पायात गमबूट, डोळ्यांना चष्मा.

आधी नळ सोडा. मशीन बंद असतानाच गनचा खटका दाबून धरा. फसफस थांबून सलग धार आली की मगच बटण दाबा. पंप कोरडा फिरला तर सील जातात. पाणी विहिरीचं असेल तर गाळणी लावाच, बारीक रेतीही पंप खाते.

आता नोझल. जांभा मऊ, सच्छिद्र. लाल नोझलची शून्य अंशाची धार त्याला चर पाडते, सांध्यातलं सिमेंट उडवते. मी पांढरा, 40 अंशांचा लावते, हातभर अंतरावरून, तिरका. वरच्या पायरीपासून खाली यायचं. हिरवा गाळ ओघळतो नि खालून चिऱ्याचा तांबडा रंग, त्याची बारीक भोकं उघडी पडतात. धार एका जागी रोखू नका. पोरं, कुत्रा लांब ठेवा. ही धार कातडी फाडते.

शेवटी मशीन बंद करा, नळ बंद करा, खटका दाबून नळीतला दाब सोडा, मगच नळी काढा.