घशाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर मानेतील गाठींचा रिपोर्ट कसा वाचावा

घशाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया करताना बहुतेक वेळा मानेतील लसिका ग्रंथीही (लिम्फ नोड, म्हणजेच मानेतील छोट्या गाठी) काढल्या जातात आणि त्यांचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या तपासणीचा अहवाल, काही दिवसांनी हाती येतो. एसटीने स्वारगेटला उतरून, पिशवीतली फाईल सांभाळत पुण्यातली ओपीडी गाठणाऱ्या नातेवाइकांनी डॉक्टरांना भेटण्याआधी त्यातील मोजक्या ओळी स्वतः वाचाव्यात, म्हणजे थोडक्या वेळात नेमके विचारता येते.

प्रथम ग्रंथींचा आकडा पाहावा. ‘२/३४’ म्हणजे तपासलेल्या ३४ ग्रंथींपैकी २ मध्ये कॅन्सर आढळला. तपासलेल्या ग्रंथी १८ पेक्षा कमी असतील, तर ‘एकही बाधित नाही’ या निष्कर्षावर कितपत विसंबावे, हे विचारावे. आधी रेडिएशन झालेल्या मानेत मात्र ग्रंथी कमीच सापडतात. मग सर्वांत मोठ्या बाधित गाठीचा आकार (आजाराचा टप्पा, म्हणजे स्टेज, ठरवताना ३ आणि ६ सेंटिमीटर या सीमारेषा धरतात) आणि ती मानेच्या कोणत्या बाजूला आहे, हे पाहावे.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची ओळ ‘एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन’ची, म्हणजे कॅन्सर ग्रंथीचे कवच भेदून बाहेर पडला आहे का, याची. तो पडला असेल किंवा कापलेल्या कडेत कॅन्सर उरला असेल, तर रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध देण्याचा लाभ होतो, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय व अमेरिकी चाचण्यांच्या निष्कर्षांतून पुढे आले. प्रकृतीला, विशेषतः मूत्रपिंडांना, ते औषध झेपेल का, हे त्याच भेटीत विचारावे. रेडिएशन शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागते, आणि किडलेले दात त्याआधी काढून जखम भरायला दोनेक आठवडे जातात. म्हणून रिपोर्टची वाट न पाहता दंतवैद्याकडे जाऊन यावे.

ग्रंथी बाधित असल्यास दीर्घकाळ जगण्याची शक्यता ढोबळमानाने निम्म्यावर येते, असे सांगितले जाते. ते ऐकून घर हादरते. पण हा आकडा अनेक रुग्णांच्या समूहाचा असतो, आपल्या माणसाचा नव्हे. शिवाय टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे झाला असेल, तर त्याचे टप्पे वेगळे मोजले जातात आणि ग्रंथी बाधित असूनही परिणाम पुष्कळदा चांगले मिळतात.

दुसरे मत घ्यायचे असल्यास रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. पॅथॉलॉजी विभागातून स्लाइड्स (काचपट्ट्यांवरचे पातळ काप) आणि ब्लॉक (मेणात जतन केलेले ऊतींचे तुकडे) मागून घ्यावेत.