क्योतोची सहल आखताय? या चुका टाळा

जपानमधल्या क्योतोत सकाळी किंकाकुजीचं देऊळ, दुपारी फुशिमी इनारीचं देऊळ, संध्याकाळी अराशियामाची बांबूची वाट. ओळखीतल्या कुणी असा कार्यक्रम दाखवला की मी त्यांना आधी नकाशा उघडायला लावते. पहिलं ठिकाण शहराच्या वायव्येला, दुसरं आग्नेयेला, तिसरं पार पश्चिमेला. म्हणजे निम्मा दिवस बसमध्ये आणि बसच्या रांगेत जाणार.

क्योतोत एका दिवशी एकच दिशा धरावी. पूर्वेला कियोमिझु-देरा, तिथून निनेनझाकाच्या पायऱ्या उतरत यासाका देवळापर्यंत आणि पुढे गिओन ही जुनी वस्ती, हे सगळं पायी होतं. दुसऱ्या दिवशी गिंकाकुजी देवळापासून कालव्याच्या कडेने नानझेनजी देवळापर्यंत चालत या. जवळच केआगे स्थानक आहे, तिथून मेट्रोने परत. अराशियामाला आख्खा दिवस द्या. फुशिमी इनारीला जोडून उजी हे गाव करा, कारण दोन्ही जेआरच्या (जपान रेल्वेच्या) नारा मार्गावरच आहेत.

याच मार्गावर एक हमखास फसगत होते. क्योतोहून इनारी हे दुसरंच स्थानक, पण जलद गाडी तिथे थांबत नाही. तोफुकुजी सोडलं की ती थेट रोकुजिझोला जाते. चुकून बसलातच तर घाबरू नका. तोफुकुजीला उतरा आणि मागून येणारी लोकल पकडा, एकाच स्थानकाचा प्रश्न आहे. मुंबईकरांना फास्ट-स्लोचं हे गणित वेगळं सांगायला नको!

दुसरी चूक घड्याळाची. सुट्टीवर आहोत म्हणून आरामात आवरून अकराला बाहेर पडलं की दिवस हातातून जातो, कारण बहुतेक देवळांची दारं साडेचार-पाचला बंद होतात. कियोमिझु-देरा मात्र सकाळी ६ वाजता उघडतं. फुशिमी इनारी चोवीस तास उघडं असतं, तिकीटही नाही. अराशियामाच्या बांबूच्या वाटेला फाटकच नाही. ही तीन ठिकाणं तीन वेगवेगळ्या पहाटेंना ठेवा. आम्ही इनारीला साडेसहाला पोचलो होतो. नारिंगी तोरणांखालून चढताना ओल्या दगडावर आमच्याच चपलांचा आवाज येत होता. खाली उतरेपर्यंत त्याच वाटेवर मुंगीलाही जागा नव्हती.

जुन्या माहितीवर विसंबू नका. एक दिवसाचा बसपास घ्या, असं अजून पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडेल. फक्त बसचा तो पास २०२३ मध्येच विकायचा बंद झाला. आता मेट्रो आणि बस मिळून चालणारा पास मिळतो. जेआरच्या गाड्यांसाठी पर्यटकांना मिळणाऱ्या जेआर पासचंही तसंच. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. तोक्यो-क्योतो जाऊन-येऊन साधारण २८,००० येन लागतात, मग तेवढ्यासाठी पास कशाला? शहरातल्या बसमध्ये बहुतेक ठिकाणी मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरताना पैसे द्यायचे. मोठ्या बॅगा घेऊन मात्र बसमध्ये शिरू नका. हॉटेलच्या काउंटरवरून त्या पुढच्या मुक्कामी परस्पर पाठवता येतात.

आता खाण्याचं. यात आपली शाकाहारी मंडळी सगळ्यात जास्त फसतात. मी आईला घेऊन एका छोट्या उदोनच्या दुकानात गेले. वाडग्यात पांढऱ्या जाड शेवया, वर कांद्याची पात, खाली पाण्यासारखं नितळ सूप. मांस नाही, मासा नाही. आईने वाडगा तोंडाजवळ नेला आणि थांबली. "अगं, याला सुक्या मासळीचा वास येतोय." बरोबर होतं तिचं. ते सूप दाशीचं होतं, आणि दाशी बहुधा कात्सुओबुशी म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या माशाच्या पापुद्र्यांची असते. मिसो सूप, सोबा शेवयांचं सूप, भाज्यांची शिजवणी, इतकंच काय, निव्वळ टोफू-भाताची दिसणारी इनारी सुशीसुद्धा सहसा दाशीतूनच निघालेली असते. "व्हेजिटेरियन?" विचारलं की पुष्कळदा मनापासून "हो" येतं, कारण दाशीला तिथे कुणी मासा समजत नाही. म्हणून नेमकं विचारा: "कात्सुओ दाशी वा हाइत्ते इमासु का?" त्याहून बरं म्हणजे हॉटेलातल्या माणसाकडून जपानीत चिठ्ठी लिहून घ्या: मांस, मासे, माशाची दाशी चालत नाही, कोंबू शेवाळाची चालते. ती चिठ्ठी दारातच दाखवा, जेवण समोर आल्यावर नाही.

निशिकी बाजार रात्रीच्या जेवणासाठी राखून ठेवू नका, पाच-सहाला दुकानं आवरायला लागतात. तिथे चालता चालता खाणंही बरं दिसत नाही. घेतलं त्या दुकानासमोर उभं राहून खायचं आणि काडी तिथेच परत द्यायची. जेवणाच्या जागाही दुपारी दोन-अडीचला बंद होऊन पाच-साडेपाचला उघडतात, आणि शेवटची ऑर्डर बंद व्हायच्या अर्धा तास तरी आधी घेतात. आपल्या नवाच्या जेवणाची सवय तेवढे दिवस बाजूला ठेवा.

तारखांचंही बघा. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं तर २९ एप्रिल ते ५ मे टाळा, तेव्हा जपानच सुट्टीवर असतो. दिवाळीच्या सुट्टीत लाल पानं बघायला जाणाऱ्यांची बऱ्याचदा निराशा होते, कारण क्योतोत रंग नोव्हेंबरच्या उत्तरार्धात चढतो.

आईचं पोट शेवटी भरलं ते शोजिन र्‍योरीने. हे बौद्ध मठांचं जेवण, त्यात मासा नाही आणि कांदा-लसूणही नाही. (जैन मंडळींनी मात्र विचारूनच जावं, कमळकाकडी आणि कंदमुळं असतात.) अराशियामाच्या तेनर्‍युजीत ते दुपारी मिळतं, आधी आरक्षण करून जा. लाखेच्या लाल ताटात तिळाचं मऊ टोफू आलं, तेव्हा आईने आधी वास घेतला, मग चमचा मागितला. येताना तिने यात्सुहाशीचे दोन डबे घेतले. तांदळाच्या पिठाची ती मऊ घडी चावताना मला म्हणाली, "ही तर आपली मोदकाचीच पारी की गं, नुसती दालचिनी घातलेली."