लग्नाच्या स्टुडिओत एडिटिंगला बसण्याआधी

स्टुडिओत नव्याने लागलेल्या पोरांना पहिल्या दिवसापासून फोटोशॉप हवं असतं. मी त्यांना आधी फाइलींना नावं द्यायला बसवतो. एका लग्नात दोन-तीन कॅमेरे असतात आणि बहुतेक कॅमेऱ्यांचा नंबर 9999 झाला की पुन्हा 0001 वर येतो. त्यामुळे एकाच नावाचे दोन फोटो कधीतरी येणारच. एका फोल्डरात ओतताना 'रिप्लेस' दाबलं की त्यातला एक गेला. म्हणून डेटा उतरवतानाच नाव द्यायचं: तारीख, लग्न, कॅमेरा आणि शेवटी मूळ नंबर. मूळ नंबर काढू नका, फोटोग्राफर फोनवर तोच सांगतो.

कॅमेऱ्यांची घड्याळं शूटच्या आधी जुळवून घ्या. चार मिनिटांचा जरी फरक राहिला, तरी फोटो वेळेनुसार लावल्यावर आधी गळ्यात हार पडतो आणि मग अंतरपाट धरला जातो! लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ मागेपुढे सरकवता येते, पण त्यासाठी दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपलेला एकच क्षण लागतो. अंतरपाट खाली येतानाचा फोटो घ्या, तो सहसा कोणी चुकवत नाही.

लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग (फोटो आणि त्यांवर केलेल्या बदलांची नोंदवही) एका वेळी एकालाच उघडता येतो आणि तो नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून चालत नाही. म्हणून आमच्याकडे फक्त रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेले कच्चे फोटो, सर्व्हरवर असतात. कलर करणारा आपले बदल एक्सएमपी नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये सेव्ह करून पुढे देतो. ती छोटी फाइल सोबत गेली नाही, तर पुढच्याला कोरा रॉ दिसतो आणि तो सगळा कलर नव्याने करत बसतो.

आता रीटचिंग. फोटोशॉपमध्ये फोटोवर एकावर एक थर, म्हणजे लेयर, ठेवता येतात. मूळ लेयरला हात लावायचा नाही. डाग एका रिकाम्या लेयरवर, डॉज-बर्न (ठरावीक भाग उजळ-गडद करणं) दुसऱ्यावर, आणि प्रत्येक लेयरला नाव. 'लेयर 14 कॉपी 3' दिसलं की माझं डोकं फिरतं. नवरीची आई येऊन म्हणते, "अहो, हनुवटीवरचा तीळ कुठे गेला?" तीळ वेगळ्या लेयरवर काढला असेल तर तो लेयर बंद केला की झालं. नाहीतर पूर्ण चेहरा पुन्हा. तसंही पुटकुळ्या काढाव्यात. तीळ, व्रण विचारल्याशिवाय काढू नयेत.

फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल 2 जीबीच्या वर सेव्ह होत नाही, तिथे मोठ्या फाइलींसाठीचा पीएसबी प्रकार घ्या. 8 ऐवजी 16 बिटमध्ये (रंगांची जास्त बारीक नोंद) फाइल साधारण दुप्पट होते. 12×36 इंचांची अल्बम शीट 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 10,800×3,600 पिक्सेल असते, त्यात लेयर वाढले की मशीन धापा टाकतं. 'फायनल', 'फायनल न्यू' ही नावं बंद. व्ही01, व्ही02 लिहा. गिऱ्हाइकाला फोटो एसआरजीबी या नेहमीच्या स्क्रीनवर चालणाऱ्या कलर प्रोफाइलमध्येच द्या, आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ते दाबले जातात आणि शिव्या रीटचरला बसतात.

कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड फॉरमॅट (पुसून रिकामं) कधी करायचं? दोन डिस्कवर कॉपी झाल्यावर, फोटोंची संख्या जुळवून आणि मधलेच काही फोटो उघडून बघून. सीझनमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळचा मुहूर्त असतो, कार्डं कमी पडतात, ही घाई खरी आहे. मालकाकडून दोन कार्डं जास्तीची मागून घ्या.