डर्ट बाइकचं वाकलेलं हँडल बदलताना या चुका टाळा

पावसाळा लागला की मुंबईची पोरं मुरबाड-कर्जतच्या चिखलात गाड्या घालतात आणि सोमवारपासून माझा फोन सुरू होतो. "दादा, हँडल वाकलंय, सरळ होईल ना?" दिसायला होईल. पण त्यावर पुन्हा भरवसा ठेवता येणार नाही.

सगळ्यात घातक चूक हीच. लांब पाइप घालून ओढलं की झालं, असं गल्लीतले मेकॅनिकही छातीठोकपणे सांगतात. धातू जिथे वाकतो तिथे कडक होतो, आणि उलट वाकवला की तिथेच बारीक चीर धरते. स्टीलचं हँडल निदान लवून इशारा देतं, ॲल्युमिनियमचं बहुतेक वेळा थेट तुटतं. कुठलं आहे कळत नसेल तर लोहचुंबक लावा. चिकटला तर स्टील. गॅसवर तापवून सरळ करणाऱ्यांच्या तर वाटेलाही जाऊ नका. ॲल्युमिनियम तापताना लाल होत नाही, त्यामुळे किती तापलं ते डोळ्यांना कळत नाही, आणि कारखान्यात त्याला दिलेली ताकद मात्र निघून जाते.

भांडुपच्या एका मुलाने असंच सरळ करून घेतलेलं ॲल्युमिनियमचं हँडल लावून ट्रेल गाठला. नको म्हणून बजावलं होतं, पण रविवारची राइड चुकवायची नव्हती. एका छोट्याशा उडीनंतर गाडी जमिनीवर आदळली आणि हँडल जिथे क्लॅम्पमध्ये (त्याला गाडीवर धरून ठेवणाऱ्या पकडीत) जातं, तिथेच कडेला तुटलं. डावं टोक क्लच लिव्हरसकट केबलला लोंबकळत राहिलं, सगळं वजन ॲक्सिलरेटरच्या हातावर आलं, गाडी अजूनच पळाली. मनगट मोडलं. तुटलेली कड मी नंतर नीट पाहिली. निम्मी मळकट, निम्मी चकचकीत. मळकट भागातली चीर आधीपासूनच होती, त्या दिवशी फक्त उरलेला भाग तुटला.

दुसरी चूक याच्या उलट. हँडल वाकलेलं नसतंच आणि लोक नवीन घेऊन येतात. ते बसवलं तरी गाडी तिरकीच, मग दुकानदाराच्या नावाने ओरड. पडल्यावर बरेचदा पुढचे शॉकअप 'टी'मध्ये, म्हणजे दोन्ही शॉकअप धरून ठेवणाऱ्या भागात, फिरलेले असतात. म्हणून खर्च करण्याआधी जुनं हँडल उतरवून सपाट लादीवर ठेवा आणि दोन्ही टोकं सारखी उचललेली आहेत का बघा. सारखी असतील तर टीचे पिंच बोल्ट (शॉकअप आवळून धरणारे), ॲक्सल आणि मडगार्डचे बोल्ट थोडे ढिले करा. शॉकअप टीमध्ये किती वर आहेत त्याची खूण आधी करून ठेवा, नाहीतर ते सरकतील. पुढचं चाक गुडघ्यांत धरून टी सरळ करा, टीचे बोल्ट आवळा, मग ॲक्सल, पुढून गाडी चांगली दाबून घ्या आणि ॲक्सलचे पिंच बोल्ट शेवटी. तरीही तिरकं दिसलं तर हँडलच्या माउंटखालचे बोल्ट काढून बघा, तेही वाकतात.

खरेदीला मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात जाल तर जुनं हँडल सोबत न्या. क्लॅम्पपाशी जाडी २२ मिलिमीटर की २८, एवढं न मोजता 'जाडं भारी असतं' म्हणून उचललेली हँडलं परत करायला माणसं दुसरा दिवस घालवतात.

क्लॅम्प कोरडा आणि स्वच्छ हवा, तिथे ग्रीस नको. बोल्टच्या आट्यांना मात्र मी ग्रीसचा हलका हात लावतो, कारण आपल्या खाऱ्या हवेत ते जाम होतात. चारही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. पुढचे आधी की मागचे, फट कुठे ठेवायची, ते मॅन्युअलमध्ये बघा, प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळता येतो असा पाना) नसेल तर कुणाकडून तरी उसना आणा. ताकद लावून आटे मारणारे घाईवाले बघून जीव तुटतो.

ब्रेक ऑइलची डबी नळीवर उलटी लटकत ठेवू नका, हवा शिरते. स्विचच्या आतली छोटी पिन घासून टाकू नका, तीच स्विच फिरू देत नाही. तिच्यासाठी हँडलला नेमक्या जागी छोटं भोक पाडा, पण आधी त्या हँडलच्या कंपनीची भोक पाडायला ना नाही हे बघून घ्या. ग्रिपला तेल नको, ग्रिपचा गोंद वापरा आणि रात्रभर सुकू द्या. संध्याकाळी लावून लगेच चक्कर मारणाऱ्याची ग्रिप हातात फिरते.

लिव्हरचे क्लॅम्प मी अशा बेताने आवळतो की जोराने ढकलल्यावर लिव्हर फिरेल. पडल्यावर ते मोडण्याऐवजी फिरलेलं बरं.

उंच हँडल लावलं असेल तर केबल आणि ब्रेकची नळी पुरते का हे नुसतं बघून समजत नाही. गाडी न्यूट्रलला सुरू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. रेस आपोआप वाढली तर केबल ताणली जाते आहे, तिचा मार्ग बदला किंवा लांब केबल घ्या. ॲक्सिलरेटर प्रत्येक कोनात सोडल्याबरोबर परत यायलाच हवा. तो अडखळत असेल तर गाडी पार्किंगच्या बाहेर काढायची नाही. पहिल्या राइडनंतर चारही बोल्टांवर पुन्हा एकदा टॉर्क रेंच फिरवा.