तग्लिब कबिल्याचा माग काढताना

इस्लामपूर्व अरबस्तानाचा अभ्यास सुरू करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने सगळे द्वीपकल्प एकदम हाती घेऊ नये. एकच कबिला निवडावा आणि दोन-अडीचशे वर्षे त्याच्या मागोमाग चालत राहावे, असे मी अनुभवाने सांगतो. पदव्युत्तर अभ्यासाच्या वेळी मी तग्लिब कबिला निवडला. मूळचा नज्दमधला, म्हणजे मध्य अरबस्तानातला, आणि पुढे उत्तरेकडे सरकून युफ्रेटिस व टायग्रिस या नद्यांच्या मधल्या जझीरा प्रदेशात पसरलेला हा कबिला इस्लामच्या आधीच मोठ्या प्रमाणावर ख्रिस्ती झाला होता आणि मुसलमानी सत्ता आल्यानंतरही त्यातले बरेच लोक ख्रिस्तीच राहिले, त्यामुळे जुन्या आणि नव्या काळाचा सांधा इथे स्पष्ट दिसतो.

पहिली अडचण आली ती अरबीची नव्हे, मराठीची. ‘कुटुंबकबिला’ म्हटले की आपल्या मनात घरची बायकामुले येतात. अरबी ‘कबीला’ म्हणजे एकाच पूर्वजाचे नाव सांगणाऱ्या अनेक कुळांचा समूह. ‘जकात’ म्हटले की आपल्याला शहराच्या वेशीवरचा नाका आठवतो, तर मूळ शब्दाचा अर्थ मुसलमानाने आपल्या मालमत्तेतून द्यायचा धर्मविहित हिस्सा असा आहे. ओळखीचा शब्द दिसला की कोश उघडावासा वाटत नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. अशा शब्दांसाठी वहीत पहिल्या दिवसापासून वेगळी पाने ठेवावीत.

इस्लामपूर्व काळासाठी मुख्य आधार कवितांचा आणि त्यांच्याभोवती गुंफलेल्या कथांचा. तग्लिबांचा प्रमुख कुलैब याला बक्र कबिल्याच्या जस्सासने एका उंटिणीच्या हत्येवरून ठार केले आणि त्यातून बसूसचे युद्ध पेटले, ते चाळीस वर्षे चालले, असे परंपरा सांगते. पुढे इ.स. 570च्या सुमारास दक्षिण इराकातल्या हीरा या अरब राज्याचा राजा अम्र बिन हिंद याच्या आईने तग्लिबी सरदार अम्र बिन कुल्सूमच्या आईला, लैलाला, ताट हातात देण्यास सांगितले. लैलाने अपमान झाल्याची हाक दिली आणि तिच्या मुलाने तंबूत टांगलेली तलवार उपसून राजाला तिथेच मारले. मी सुरुवातीला हे सगळे घडले तसेच उतरून घेतले. या कथा इराकातल्या विद्वानांनी लिहून काढल्या त्या सुमारे दोनशे वर्षांनंतर, हे ध्यानात आल्यावर मला वही पुन्हा लिहावी लागली. बक्र आणि तग्लिब यांचे वैर व हीराच्या दरबाराशी त्यांचे ताणलेले संबंध मी इतिहास म्हणून ठेवले. ताटाचा प्रसंग मात्र त्या कबिल्याला स्वतःविषयी काय सांगावेसे वाटत होते याचा पुरावा म्हणून नोंदवला.

माझी खरी शिकवणी झाली ती कराच्या प्रकरणात. खलिफा उमर यांच्या काळात (634–644) तग्लिबांनी जिझिया, म्हणजे मुसलमान नसलेल्या प्रजेवरचा कर, देण्यास नकार दिला, कारण आम्ही अरब आहोत आणि तो कर आम्हाला कमीपणाचा वाटतो, असे त्यांचे म्हणणे होते; ते सीमा ओलांडून रोमन (बायझंटाइन) मुलखात निघून जातील अशी धास्तीही होती. शेवटी तडजोड झाली ती अशी, की जिझियाऐवजी त्यांनी मुसलमानांच्या दुप्पट सदका (इथे जकातच्याच अर्थाने) द्यावा. चाळीस मेंढ्यांवर मुसलमान एक मेंढी देत असे, तर तग्लिबी दोन. मुलांचा बाप्तिस्मा करू नये अशी अटही काही वृत्तांतांत येते. नवव्या शतकातल्या बलाझुरी या इतिहासकाराने या एकाच घटनेचे अनेक वृत्तांत ओळीने दिले आहेत, आणि प्रत्येकाआधी तो कोणी कोणाकडून ऐकला याची नावे आहेत. त्यांतल्या एकात उमर यांच्याशी बोलणाऱ्या तग्लिबी माणसाचे नाव ‘झुरआ बिन नुअमान किंवा नुअमान बिन झुरआ’ असे लिहिले आहे. मी ही दोन माणसे समजून दोन नोंदी केल्या होत्या. प्रत्यक्षात माणूस एकच आहे. बाप कोण आणि मुलगा कोण, हे सांगणाऱ्याला नक्की आठवत नव्हते आणि लिहिणाऱ्याने ती शंका प्रामाणिकपणे तशीच ठेवली. तेव्हापासून असे वृत्तांत एकत्र कालवून एक गुळगुळीत गोष्ट करण्याचे मी सोडले. ते शेजारी-शेजारी लिहावेत आणि फरकाखाली रेघ ओढावी.

सनावळीबाबत एक सांगायलाच हवे. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचे असते, म्हणून त्यात नुसते 622 मिळवून चालत नाही. तग्लिबांनी सुलैम कबिल्याचा नेता उमैर बिन हुबाब याला हश्शाक येथे मारले ते हिजरी 70 मध्ये, म्हणजे इ.स. 689–90 मध्ये; मी मात्र बेरीज करून 692 लिहिले. बिश्र येथे सुलैमच्या जह्हाफने तग्लिबांची कत्तल करून सूड घेतला तो हिजरी 73 मध्ये, म्हणजे खरोखरच 692–93 मध्ये. माझ्या चुकीमुळे घाव आणि सूड एकाच वर्षात येऊन बसले. रूपांतराचे कोष्टक कायम हाताशी असावे.

या दोन लढायांसाठी मात्र आपल्याला त्याच काळातला साक्षीदार मिळतो: गळ्यात क्रूस घालून उमय्या घराण्यातला खलिफा अब्दुल मलिक याच्या दरबारात वावरणारा तग्लिबी कवी अख्तल. खलिफाच्या स्तुतिपर कवितेत तो उमैरचे धड हश्शाकच्या काठी पडले असून शिर कुठल्या कुठे दूर गेले आहे, असे अभिमानाने सांगतो. आणि बिश्रनंतरच्या कवितेत जह्हाफने केलेल्या घाताबद्दल देवाकडे दाद मागतो. अरबी थोडी वाचता येऊ लागली की नवागताने या दोन कविता समोरासमोर ठेवाव्यात, आणि त्यांच्या जोडीला अख्तलचा प्रतिस्पर्धी, तमीम कबिल्यातला जरीर, याने तग्लिबांवर केलेल्या कविताही वाचाव्यात.