अनेक कॅमेऱ्यांचा व्हिडिओ: एन्कोडरला दोष देण्याआधी या चुका टाळा

एकच दृश्य चार-सहा कॅमेऱ्यांनी टिपलं की फाइली फुगतात आणि सगळे एन्कोडरच्या (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमागे लागतात. पण बराचसा घोळ शूटिंगच्या वेळीच झालेला असतो. शेजारच्या कॅमेऱ्याच्या चित्रावरून या चित्राचा अंदाज बांधायचा आणि उरलेला फरक तेवढा साठवायचा, असं अनेक कॅमेऱ्यांच्या व्हिडिओचं कॉम्प्रेशन (फाइल दाबून लहान करणं) चालतं. चित्रंच जुळली नाहीत तर अंदाज फसतो.

सगळ्यात महागात पडते ती वेळेतली तफावत. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. दोन कॅमेरे अर्ध्या फ्रेमने मागेपुढे असले, तर सेकंदाला २० मीटर वेगाने जाणारा चेंडू दुसऱ्या कॅमेऱ्यात ४० सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. मागची भिंत जुळते, चेंडू जुळत नाही. टाइमकोड एक केला म्हणजे काम झालं, हा मोठाच गैरसमज. टाइमकोड फ्रेमला नुसता क्रमांक देतो. शटर एकाच क्षणी उघडायला जेनलॉक (सगळ्या कॅमेऱ्यांना एकाच ठेक्यावर चालवणारा सिग्नल) किंवा ट्रिगरची वायर लागते. अर्ध्या फ्रेमची चूक एडिटिंगमध्ये क्लिप सरकवून जात नाही. तपासायचं असेल तर एकामागून एक पेटणाऱ्या एलईडींची पट्टी सगळ्या कॅमेऱ्यांसमोर ठेवा, शटर वेगवान ठेवा आणि एकाच क्रमांकाच्या फ्रेममध्ये कुठला दिवा पेटलाय ते बघा.

ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स बंदच करा. एकाला भिंत पिवळसर दिसते, दुसऱ्याला निळसर, आणि एन्कोडर बिचारा तो रंगफरक साठवत बसतो. शूटिंग उरकलं असेल तर एन्कोड करण्याआधी सगळ्यांचे रंग मधल्या कॅमेऱ्याशी जुळवून घ्या. गेनही (सेन्सरचा सिग्नल वाढवणारी सेटिंग) आटोक्यात ठेवा. प्रत्येक सेन्सरचा नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) वेगळा असतो, त्याचा अंदाज शेजाऱ्यावरून बांधता येत नाही.

चार चित्रं एका फ्रेममध्ये चौकटी करून बसवली की एन्कोडर त्यांच्यातलं साम्य आपसूक ओळखेल, असंही काहीजण धरून चालतात. साधारण एन्कोडर आधीच्या-नंतरच्या फ्रेम पाहतो. त्याच फ्रेममधली शेजारची चौकट त्याच्या उपयोगाची नसते. कॅमेऱ्यांमधलं साम्य वापरायला एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटचा एमव्हीसी विस्तार किंवा एमव्ही-एचईव्हीसी हवा, हे अनेक कॅमेऱ्यांसाठीचेच प्रकार आहेत. तिथेही बेस व्ह्यू (ज्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधतात ते मूळ चित्र) टोकाच्या कॅमेऱ्याचा घेऊ नका, मधला घ्या. नाहीतर एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायची साखळी लांबते आणि शेवटचं चित्र पाहायला आधीची सगळी डिकोड करावी (उलगडावी) लागतात.

एवढं करूनही दोन कॅमेऱ्यांची फाइल निम्मी होत नाही. स्थिर दृश्यात त्याच कॅमेऱ्याची आधीची फ्रेम शेजारच्या कॅमेऱ्यापेक्षा बहुधा जास्त जवळची असते. खरा फायदा होतो तो आय-फ्रेमच्या (अधूनमधून पूर्ण साठवल्या जाणाऱ्या फ्रेमच्या) जागी, जिथे आधीच्या फ्रेमचा आधारच नसतो. म्हणून एन्कोडिंग फार रेंगाळत असेल तर कॅमेऱ्या-कॅमेऱ्यांमधलं प्रेडिक्शन (अंदाज बांधणं) फक्त तिथे ठेवून पाहा. वेळ वाचतो, आणि फाइल सहसा फारशी वाढत नाही.